कोबेहून आणलेली कॅसेट

दोनच. खाचेच्या तळाशी, एक डावीकडे, एक उजवीकडे — राखाडी प्लास्टिकचे दोन चिमुकले सुळे. विद्याश्रीनं दात तपासायचा आरसा आणखी आत सरकवला, वरचा दिवा खाली ओढला. व्हिडिओ गेमचं ते जुनं अमेरिकन मशीन रुग्णाच्या खुर्चीवर, डोकं टेकायच्या जागी, उताणं पडलं होतं. रविवार होता, मंडी मोहल्ल्यातला तिचा दवाखाना बंद होता, खाली रस्त्यावर केळीवाला कन्नडमधून भाव ओरडत होता, आणि इतकी वर्षं माणसांचे दात काढत आलेली ती या दोन सुळ्यांकडे बघून एकटीच हसत होती. एवढंच होतं? एवढ्याचसाठी...

काल दुपारी अम्मानं दसऱ्याच्या बाहुल्यांची ट्रंक माळ्यावरून उतरवली, आणि जुन्या साडीच्या घड्यांतून राजा-राणी निघाले, दुकान मांडून बसलेले शेट्टी-शेट्टम्मा निघाले, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्याबरोबर व्हिडिओ गेमची ती कॅसेटही निघाली — करड्या रंगाची, गोलसर कडांची, वर चित्रात गवती टोपी घातलेला कोल्हा होडीत बसून मासे धरतोय आणि बाजूनं जपानी अक्षरं ओघळलेली. खेळता येत नाही तर निदान दिसू तरी दे, म्हणून अम्मानं एका दसऱ्याला तिला बाहुल्यांच्या पायरीवर मांडली होती, आणि तेव्हापासून कोल्हा दरसाल हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांकडे बघत बसे. कुणी विचारलं की अम्मा म्हणे, “आमच्याकडचा जपानी माल!” घरात तो शब्दच झाला होता. झिप अडकली — जपानी माल. मिक्सर बंद पडला — जपानी माल. सगळे हसत. अप्पाही हसत. विद्याश्री मात्र हसता हसता अप्पांकडे बघून घेई.

काल तिनं सहज त्या कोल्ह्याचा फोटो काढला, फोनवर शोधलं, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं वाचत बसली — की त्या काळी त्या कंपनीचं जपानी मशीन आणि अमेरिकन मशीन आतून सारखंच होतं, युरोपच्या मशिनाची गोष्ट वेगळी. पण या दोघांत कुलूप असं नव्हतंच. जपानी कॅसेट आत बसू नये म्हणून खाचेत दोन सुळे ठेवले होते. तेवढे काढले की झालं.

तेवढे काढले की झालं... तिनं दात कोरायच्या यंत्राला बारीक बर लावला. यंत्राची ओळखीची किणकिण सुरू झाली, पण हाताखाली कण्हणारं कुणी नव्हतं, घट्ट मिटलेले डोळे नव्हते. प्लास्टिक जळल्याचा गोडसर वास तेवढा आला — आणि त्या वासाबरोबर, का कोण जाणे, देवराज मोहल्ल्यातली ती संध्याकाळ.

अप्पा कोबेहून आले होते. दिगंबर टेलर — ज्यांनी तोवर बंगळूरपलीकडे पाय ठेवला नव्हता — एका नृत्यमंडळीचे कपडे सांभाळायला जपानला गेले होते आणि परत येताना अम्माला पंखा आणि तिला ही कॅसेट घेऊन आले होते. जगन्नाथकाकांनी न्यू जर्सीहून आणून दिलेलं मशीन घरात होतं; त्याच्याबरोबर आलेला एकच खेळ खेळून ती विटली होती. शेजारचे जमले. अप्पांनी स्वतः कॅसेट खाचेवर धरली, दाबली... गेली नाही. उलटी करून पाहिली. मग पुन्हा एकदा, अगदी हलक्या हातानं. जोर म्हणून लावला नाही, जरीच्या कापडावर लावत नसत तसाच. नेमका तेवढ्यात काकांचा फोन आला, कॅसेट बसत नाही म्हणून सांगून अप्पा रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले, पलीकडून काकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता — देशादेशाचं वेगळं असतं, दिगंबरा, विचारून घ्यायचं असतं, फसवलं तुला त्या जपान्यानं — आणि अप्पांनी हळूच तोंड खिडकीकडे फिरवलं. पाठ दिसत होती. खांदे हलत होते.

खांदे हलत होते. ती चौथीत होती. कुणाला काही म्हणाली नाही, पण त्या दिवसापासून एक काम तिनं मनातल्या मनात अंगावर घेतलं, आणि ते अजून उतरवलं नव्हतं. फ्रिज घ्यायला ती अप्पांच्या पुढे. बँकेत तिचा आवाज अप्पांच्या आधी. गेल्याच महिन्यात चपलांच्या दुकानात तिनं असे काही प्रश्न विचारले, की अप्पा बाजूच्या स्टुलावर बसून मोजे घातलेले पाय हलवत राहिले... माझ्या अप्पांना कुणी फसवायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही.

डावा सुळा सुटला. उजवा जरा चिवट होता. तिनं दाढेचा चिमटा घेतला आणि मनगटाला अगदी थोडा पीळ दिला. ट्रेमध्ये टक्क आवाज आला. “झालं बघा,” ती सवयीनं खुर्चीला म्हणाली.

घरी पोचली तेव्हा अम्मा पायऱ्यांवर पांढरं कापड अंथरत होती आणि अप्पा, चष्मा कपाळावर ढकलून, राणीच्या साडीचा फाटलेला काठ टाचत होते. टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी लावून, काकांनी दिलेला तो विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर प्लगात खोचून तिनं प्रत्येक जोड पुन्हा एकदा चाचपला. चाललं नाही तर? पुन्हा तेच, पुन्हा त्यांच्याच समोर... कशाला काढलं मी हे. कापडात गुंडाळलेला कोल्हा बरा होता.

“अप्पा, तुम्हीच घाला.”

अप्पांनी सुई कॉलरला टोचली, कॅसेट घेतली, आणि ती आत बसली. नुसती बसली. बटण सरकवलं, पडदा काळा... काळाच... आणि मग एकदम निळी नदी, बासरीसारखे सूर, आणि होडीतून टोपी काढून नमस्कार करणारा कोल्हा.

“अय्यो!” अम्माच्या हातातली टाचणी पडली. “हा तर हलतो की हो!”

विद्याश्रीला बोलायचं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. “बघा अप्पा, तुम्हाला फसवलं नव्हतं. कॅसेट चांगलीच होती. इतकी वर्षं चांगलीच होती.”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. “फसवलं? मला कोण फसवलं?”

“काका म्हणाले होते ना फोनवर. आणि तुम्ही... खिडकीकडे तोंड करून...”

“खिडकीत?” ते आठवत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आधी मिशीत, मग डोळ्यांत. “अगं मरी, माझ्या पिल्ला, मी हसत होतो! काका तिकडं भाषण देत होता, आणि ही तुझी अम्मा माझ्यासमोर उभी राहून त्याची नक्कल करत होती. पोट पुढे काढून! फोनवर हसलो असतो तर तो वर्षभर बोलला नसता.”

“वर्ष शांत गेलं असतं,” अम्मा टाचणी शोधत म्हणाली.

“आणि ते दुकानवाला म्हातारा दोन हातानं दिला गं मला कॅसेट. वाकून. दोन हातानं देणारा कुठं फसवतो काय? मी तर सुम्ने आणलो, असंच, चित्र बघून. कोल्हा आवडला. अष्टे.”

अष्टे. एवढंच. विद्याश्री जमिनीवर बसली. खांदे हलत होते — हो, हलत होते, तिनं पाहिलं ते खरंच होतं. पण त्या हलण्याला मागून तिनं जे दुःख शिवलं होतं ते कुणाचं होतं? मग फ्रिज, मग बँक, मग चपलांचं दुकान... त्या स्टुलावर बसून ते पाय हलवत होते ते कशानं? कंटाळून? की तेव्हाही हसू दाबत? तिला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही, पण त्या लाजेच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, बुडबुड्यासारखं, नाकात गुदगुल्या करणारं. दवाखान्यात भूल उतरताना लोक आपलाच ओठ चाचपतात आणि खुळ्यासारखे हसतात, तसं तिला स्वतःला चाचपून बघावंसं वाटलं.

“इथं कुणीतरी आहे,” अप्पा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. अर्धवट खेळ जपून ठेवायच्या तीन चौकटी होत्या. खालच्या दोन रिकाम्या होत्या आणि पहिलीत तीन अक्षरांचं एक नाव होतं. म्हाताऱ्याच्या दुकानात येण्याआधी ही कॅसेट ज्याची होती, त्याचं असणार. आतली बॅटरी इतकी वर्षं ते सांभाळून होती.

“पुसून टाकू?” तिनं विचारलं.

“बेडा, बेडा. राहू दे त्याला. आपण बाजूच्या सीटवर बसू.”

नाव लिहायला जपानी अक्षरांच्या ओळीच्या ओळी पसरल्या. ती वाचता दोघांनाही येत नव्हती. अप्पांनी कंट्रोलर नीट धरला, पुढे वाकले आणि अक्षरं निवडू लागले — हा हूक, हा काजाचा टाका, ही फुगा बाही — आणि पूर्वीची ती म्हणाली असती, थांबा अप्पा, आधी अर्थ बघते. फोन तर हातातच होता. तिनं तो पालथा ठेवला. तयार झालेलं नाव कसं उच्चारायचं ते कुणालाच कळलं नाही; अम्मानं तरी दोनदा उच्चारलं, दोन्ही वेळा वेगळं.

कोल्ह्यानं वल्हं हातात घेतलं. मान वळवून त्यांच्याकडे बघत त्यानं काहीतरी विचारलं, लांबलचक, अगदी आपुलकीनं, आणि खाली दोन उत्तरं येऊन लुकलुकत थांबली.

“काय विचारतो?” अप्पा म्हणाले.

“माहीत नाही.”

“मग? वरचं की खालचं?”

तिला खरंच माहीत नव्हतं. आणि किती हलकं होतं ते — अप्पांच्या खांद्याला खांदा लावून बसणं, पुढे नाही, मागे नाही, आणि काहीही माहीत नसणं.

“तुम्ही सांगा, अप्पा,” ती म्हणाली.