सात नंबरचा लाल ठिपका

आमच्या इमारतीने प्लास्टिक हटवायचं ठरवलं तेव्हा पहिला हात मी वर केला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कोणीही मला खुशाल आडमुठी ठरवेल.

योजना सेक्रेटरींची. दर रविवारी सकाळी प्रत्येक घराने आठवड्याचं प्लास्टिक धुऊन, वाळवून खाली आणायचं. ते काट्यावर ठेवणार आणि जिन्याजवळच्या फळ्यावर घराच्या नंबरापुढे ठिपका चिकटवणार. अर्ध्या किलोच्या आत हिरवा, किलोच्या आत पिवळा, वर गेलं की लाल. ठिपके चकचकीत प्लास्टिकचे होते, पण तो विषय कोणी काढला नाही.

आमच्या घरात सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. लघवीच्या पिशव्या भरल्या की बदलायच्या, शिवाय नळ्या, हातमोजे, औषधांच्या बाटल्या. डायपर सेक्रेटरींनी मोठ्या मनाने माफ केले होते, कारण ते त्यांना काट्यावर नको होते. तरी पहिल्याच रविवारी आमचं वजन भरलं एक किलो तीनशे. सगळ्या फळ्यावर एकच लाल ठिपका, सात नंबरपुढे.

"वहिनी, जरा मनावर घ्या," सेक्रेटरी म्हणाले.

"मी घेतलंय हो मनावर. पण बाबांच्या मूत्राशयाला कोण सांगणार?"

बाकीची घरं भराभर हिरवी झाली. शेजारीण आपल्या पिशव्या पर्समध्ये कोंबून ऑफिसच्या डब्यात टाकून यायची. अध्यक्ष सकाळी फिरायला निघताना पोट सुटलेले दिसायचे आणि परत येताना सडपातळ. तळमजल्यावरच्या मास्तरांनी बहिणीकडे जाणं-येणं वाढवलं. बहिणीला वाटलं, भावाला माया फुटली. इमारतीमागच्या भिंतीपलीकडे ढीग वाढत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. "तूही टाक की पलीकडे," नवरा म्हणाला. ते माझ्या हातून होणार नव्हतं. मला माझ्या खरेपणाचा भारी तोरा होता.

तो मिरवायला घरात हक्काचं माणूस एकच, सासरे. दर रविवारी वर येऊन मी त्यांच्यासमोर तणतणायचे. ते जन्मभर गिरणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. "काटा तपासून घेतलाय का त्याने?" ते विचारायचे, आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मला वाटायचं, चला, तेवढीच त्यांची करमणूक.

मग एका रविवारी आमचा ठिपका पिवळा झाला. सेक्रेटरींनी शाबासकी दिली, मीही खूश. पिशव्या कमी का भरताहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सासरे मला सांगायचे, "पाणी आत्ताच त्याने पाजलं." नवऱ्याला सांगायचे, "सूनबाईने पाजलं." आम्ही दोघंही विश्वास ठेवून आपापल्या कामाला.

ते तापाने फणफणले, हॉस्पिटलात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोरासमोर विचारलं, पाणी किती पाजता, तेव्हा कुठे उलगडा झाला.

"असं का केलंत बाबा?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

"लाल ठिपका माझाच ना गं," ते म्हणाले. "म्हटलं, माझाही हातभार."

पाचव्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मान हलवली. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून खूप रडले.

महिन्याच्या सभेत सेक्रेटरींनी वही उघडली. "सगळ्यात मोठी घट, सात नंबर! एक किलो तीनशेवरून थेट शंभर ग्रॅम! टाळ्या!"

टाळ्या पडल्याही. हीच माणसं पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे येऊन, मान खाली घालून बसून गेली होती.

"वहिनी, कसं जमवलंत, जरा सगळ्यांना सांगा."

शेजारणीने डोळे मिटून घेतले. मग सेक्रेटरींनाही आठवलं, पण तोवर हिरवा ठिपका त्यांच्या बोटाला चिकटला होता.

मी वर गेले. कपाटात कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा होता, नळ्या होत्या, हातमोजे होते. कुणाला तरी देऊन टाकू, असं नवरा रोज म्हणायचा आणि माझा हात धजायचा नाही. सगळं उचलून खाली आणलं आणि काट्यावर ठेवलं.

"दोन किलो सहाशे," सेक्रेटरी पुटपुटले. "पण वहिनी, हे तर वापरलेलंच नाही."

"नाही ना वापरलं," मी म्हणाले. "तेच तर. लाल लावा."