गेट्याची खरवड

"पळी उभी राहते का गं?" शेगडीजवळच्या खुर्चीतून म्हाताऱ्या ओटिलियाने सुनेला विचारलं.

"कलतेय, आई. अजून थोडं."

"थोडं म्हणजे किती? तुमच्या डोंगरात मक्याचं पीठ ढवळलं की झालं जेवण. हा गेटा आहे!"

नाताळचा आदला दिवस होता; लुरीन दुपारपासून ढवळत होती. डुकराचं नि गाईचं मटण, कांदा, तमालपत्र आणि भरड ओट्स. पळी न धरता उभी राहिली की गेटा साच्यात ओतायचा, आणि सकाळी लादी कापून वड्या तव्यावर खरपूस करायच्या. नाताळच्या सकाळी आमच्या कॉव्हिंग्टन गावातल्या जर्मन घरांत दुसरी कसलीच न्याहारी होत नाही.

एकतीस वर्षं ओटिलियाने सुनेला या पातेल्याला हात लावू दिला नव्हता. सून पूर्वेच्या डोंगरातली, आपल्यातली नव्हे, म्हणून पहिल्या दिवसापासून ती तिला पाण्यात पाहत आली. गेल्या नाताळानंतर झटका आला आणि दोन्ही हात गेले, असं ओटिलिया सांगायची. तेव्हापासून लुरीनच तिला भरवते, तिचे केस विंचरते, नाक पुसते. हातांबरोबर जीभही गेली असती तर देवाचं काय बिघडलं असतं? मी शेजारीण, मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं आणि उरलेलं लुरीन सांगते.

लुरीनची इच्छा एवढीशी होती. यंदा नाताळच्या न्याहारीला टेबलावर कुणीतरी म्हणावं, "लुरीन, अजून एक वडी दे."

संध्याकाळी पळी उभी राहिली. तळाशी मात्र जरासं लागलं होतं. अशा वेळी तळाला हात लावायचा नाही, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायचं, हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. लुरीनने गॅस बंद केला आणि दुसरं पातेलं आणायला तळघरात उतरली.

वर आली तर घरभर करपट वास. गेट्यात खालपासून वरपर्यंत काळे कपटे मिसळलेले, पळी भलत्याच बाजूला पडलेली.

"काय जळतंय गं?" ओटिलिया म्हणाली. तिचे हात मांडीवर शालीखाली होते.

लुरीनने शाल उचलली. डाव्या हाताच्या नखांत ओट्स होते, बाहीला तपकिरी खरवड चिकटली होती.

"मी शाल बाजूला ठेवली," तिने नंतर मला सांगितलं. "ओलं फडकं आणलं आणि एकेक बोट पुसलं."

दुसरं मटण आणायला दुकान उघडं नव्हतं. तिने तोच गेटा साच्यांत भरला.

सकाळी नणंद रोझलिनने पहिला घास रुमालात थुंकला. "बाई गं, चुलीतली राख वाढलीस की काय? आई, तू शेजारी बसून काय करत होतीस?"

"मी काय करणार?" ओटिलियाच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. "हात असते तर केलं नसतं का मी?"

लुरीनच्या नवऱ्याने, नॉर्बर्टने, ताटली सारली. "पुढच्या वर्षी दुकानातून आणू," तो बायकोकडे न बघता म्हणाला. सगळे कोट चढवून चर्चमध्ये मिस्साला गेले. आईजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणून लुरीन थांबली.

तिने तवा तापवला. दोन जाड वड्या टाकल्या, खालून कवच धरेपर्यंत हलवल्या नाहीत, मग उलटल्या. ताटली घेऊन ती सासूसमोर बसली.

"आ करा, आई."

ओटिलियाने ओठ मिटले. "मला नको. करपलंय."

"अन्न टाकायचं नाही, तुम्हीच सांगता. अगदीच नको असेल तर हाताने बाजूला सारा."

लुरीनने घास तिच्या ओठांपाशी धरला. डाव्या हाताचं बोट शालीखाली किंचित हललं आणि थांबलं. मग म्हातारीने तोंड उघडलं.

लुरीनने सावकाश भरवलं. हनुवटीवरचा काळा कण पुसला. दोन्ही वड्या संपल्यावर ती उठली आणि तिने उरलेली लादी झाकून फ्रीजमध्ये ठेवली.

आत अजून चार लाद्या होत्या.