नसलेली तपासणी

पडद्यावर बोट टेकवून तिने पुन्हा पहिल्या सूचनेपासून वाचायला सुरुवात केली. रुग्णालयातले मॉनिटर कर्नेलच्या, म्हणजे त्यांच्या गाभ्याच्या प्रोग्रॅमच्या, नेमक्या कुठल्या जागी बंद पडतात, ते तिला सापडलं होतं. डिसअसेम्बलरने यंत्राची भाषा उलगडून एकाखाली एक मांडली होती. त्यात काकांनी लिहिलेली तपासणी कुठेच नव्हती.

काका टीममधले सर्वांत जुने. मेमरीतला पत्ता रिकामा असेल तर तो वापरायचाच नाही, एवढी साधी तपासणी त्यांनी गेल्या महिन्यात लिहिली होती. मूळ प्रोग्रॅममध्ये ती ठसठशीत दिसत होती, तरी मॉनिटर माना टाकतच होते. साहेबांच्या मते काका नवी आवृत्ती चढवायला विसरले. दुपारच्या बैठकीत ते काम त्यांच्याकडून काढून घेणार होते.

काकांनाही आता तसंच वाटू लागलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाला आधी किल्ल्या आठवेनात, मग मुलांची नावं. चार दिवसांपासून काकांच्या खिशात एक छोटी वही आली होती. कुलूप लावलं, गोळी घेतली, असलं सगळं ते तीत टिपायचे.

"चढवली होती गं," ते म्हणाले. "म्हणजे, चढवली असणार."

हे कर्नेल तिने बंद पडलेल्या मॉनिटरमधूनच काढलं होतं. आवृत्तीचा क्रमांक नवा, तारीख नवी आणि तपासणी मात्र गायब. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिने फाईल पुन्हा उतरवली, क्रमांक ताडले, उगाच चष्माही पुसला. नाही म्हणजे नाही.

मग तिने मूळ प्रोग्रॅममध्ये तपासणीच्या वरची ओळ वाचली. ती ओळ तोच पत्ता आधीच वापरत होती. यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अतिशहाणा. वापरलाय म्हणजे रिकामा नसणार, मग तपासायचं कशाला, असं ठरवून त्याने काकांची तपासणी परस्पर उडवली होती.

वरची ओळ कोणाची, हे शोधावं लागलं नाही. काकांनी तपासणी लिहिल्यावर दोन दिवसांनी, आवृत्ती चढण्याआधी, ती तिनेच घातली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने पडदा काकांकडे वळवला आणि सगळं सांगितलं, बैठकीत स्वतःच उभी राहून सांगणार आहे हेही. काका तारखेकडेच पाहत होते.

"म्हणजे मी चढवली होती."

"हो. चूक माझी आहे, काका."

"चढवली होती मी," ते पुन्हा म्हणाले.

त्यांनी खिशातून वही काढली. आता हे टिपतील, असं तिला वाटलं. काकांनी खण उघडला, वही आत टाकली आणि बैठकीला जायला उठले.