तीन सिम कार्डं आणि एक डोळा

सूनबाईचं काम लिफ्टदुरुस्तीचं, त्यामुळे "चालतंय की!" एवढ्यावर भागवून घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. घरात नवा मिक्सर आला तरी ती आधी तो उलटा करून बघायची. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. तो म्हणायचा, "लग्नाआधी मलासुद्धा असंच उलटंपालटं करून बघितलंय हिनं." तर अशा बाईच्या गळ्यात सासऱ्यांसाठी मोबाइलचं नेटवर्क निवडायचं काम पडलं. मग काय विचारता!

सासरे बुकबाइंडर. तळमजल्यावरच्या त्यांच्या घराला मागच्या बाजूला अर्धी जमिनीखाली गेलेली एक खोली होती. तिथे बाबांचं सगळं जग होतं: पुठ्ठे, दोरे, सरसाचं भांडं, आणि भिंतीला टेकवलेलं एक अगडबंब लोखंडी दाबयंत्र. पण आताशा त्यांच्या बुबुळांवर पांढरट सायीसारखं काहीतरी धरलं होतं. शिलाई ते बोटांनी चाचपून करायचे आणि सुई मात्र सूनबाईनं सकाळी कामावर जाताना ओवून ठेवायची. पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की बाबांचा दिवस निघायचा.

डॉक्टर म्हणाले होते, एका डोळ्याला दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवता येईल. नेत्रपेढीत नाव लागलं. तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं, "बुबुळ आलं की आम्ही फोन करू, लगेच निघून यायचं. फोन उचलला गेला नाही तर आम्हाला थांबता येत नाही, पुढच्या नावाकडे जावं लागतं. आणखी एखादा नंबर देऊन ठेवता का?"

बाबा ताठ बसून म्हणाले, "गरज नाही. डोळा माझा, फोनही माझाच."

सूनबाईनं आग्रह धरला नाही. तिचा नंबर देऊन तरी काय उजेड पडणार होता? ती दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळत असायची, तिथे रेंज नावाला नसते. नवरा भर समुद्रात. म्हणजे सगळी मदार बाबांच्या त्या एका फोनवर. आणि बाबांच्या खोलीत फोनची गंमत अशी, की दारात उभं राहिलं तर आवाज येतो, खुर्चीत बसलं की माणूस बोलता बोलता गायब.

म्हणून तिनं तीन कंपन्यांची तीन सिम कार्डं आणली. एक बाबांच्या फोनमध्ये घातलं, एक स्वतःच्या, एक नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये. तिघांची तिनं नावंही ठेवली: थोरलं, मधलं, धाकटं. मग सुट्टीच्या दिवशी ओढणी कमरेला खोचून ती जी घरभर फिरायला लागली, ती फिरतच राहिली. नणंदेला बिचारीला कामालाच लावलं होतं. ती आपल्या घरातून आळीपाळीनं तिन्ही नंबरांवर फोन करायची, आणि इकडून सूनबाई ओरडायची, "वाजला! आता मधल्यावर कर!"

"अगं, माझी भाजी करपेल!" नणंद म्हणायची.

"करपू दे. बाथरूम राहिलंय अजून. बाबा तिथे तासन्‌तास बसतात."

"ऐकू येतंय मला," बाबा खोलीतून म्हणायचे.

पण खरं सांगायचं तर बाबांनाही त्यात रस वाटायला लागला होता. ते आपले प्रश्न विचारायचे. "सूनबाई, हे कागदातून आरपार जातं का गं?" मग तिनं फोन खिडकीजवळच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागे ठेवून पाहिला. कागदाचं कुणालाच काही वाटलं नाही. दाबयंत्रामागे ठेवला तेव्हा मात्र मधल्यानं जीवच सोडला. "लोखंडाला घाबरतंय ते," बाबा खूश होऊन म्हणाले. "आता सरसाच्या भांड्याजवळ ठेवून बघ." सरसाचा आणि रेंजचा काडीचा संबंध नव्हता, पण तिनं ठेवून बघितलं. तिलाही बघायचंच होतं.

थोरल्याचा हिशेब सरळ होता. घराच्या कानाकोपऱ्यात ते पोचायचं, पण इतकं मंद, की जहाजावरून नवरा व्हिडिओवर दिसायला लागायच्या आत त्याची जेवणाची सुट्टी संपायची. मधलं वाऱ्यासारखं पळायचं, पण फक्त खिडकीत. दोन पावलं आत आलं की पसार. धाकटं दोन्हींच्या मधलं. खोलीत खुर्चीपर्यंत येतं, दाबयंत्रामागे कण्हतं पण मरत नाही, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा घामसुद्धा दिसतो. वर दुकानातल्या मुलीनं त्याच्या सोयींचा पाढाच वाचला: फुकट गाणी, आवडती रिंगटोन, आणि एक 'शांतिकवच'. म्हणजे काय, तर आपल्या यादीत नसलेला नंबर आला की फोन वाजायचाच नाही, गुपचूप पडून राहायचा.

हे कवच ऐकून सूनबाईचे कान टवकारले. कारण बाबांना दिवसभर नको नको ते फोन यायचे. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा उतरवा. नेत्रपेढीत नाव लागल्यापासून अनोळखी फोन वाजला की बाबा खुर्चीतून ताडकन उठायचे. एकदा तर सरसाचं भांडंच लवंडलं. "हॅलो, मी बोलतोय, मी निघतोच!" असं म्हणायचे, आणि पलीकडून कुणीतरी साखर पेरल्या आवाजात त्यांना समुद्रकिनारी बंगला देऊ करायचं. मग ते फोन खाली ठेवायचे. त्या वेळचा त्यांचा चेहरा सूनबाईला बघवायचा नाही.

तिनं धाकटं पक्कं केलं आणि बाबांचा जुनाच नंबर त्यावर करून घेतला. कवच चढवलं. नेत्रपेढीच्या कागदावर छापलेला नंबर यादीत घातला. मग पुन्हा सगळ्या घरातून परीक्षा घेतली. नणंदेनं केला, वाजला. नवऱ्यानं जहाजावरून केला, वाजला. स्वतः केला, वाजला. बाथरूममध्येही वाजला. बाबांना शांत झोप लागायला लागली, आणि सूनबाईला वाटलं, जिंकलं.

पुढे काही आठवड्यांनी एका सकाळी ग्रंथालयातल्या बाई तणतणत आल्या. त्यांच्या जुन्या पुस्तकांचं बांधणीचं काम बाबांकडे असायचं. "काय हो, किती फोन करायचे माणसानं? रागावलात की काय माझ्यावर?"

"वाजलाच नाही फोन," बाबा म्हणाले.

"असा कसा वाजला नाही? हे बघा." बाईंनी तिथल्या तिथे नंबर लावला. त्यांच्या कानात रिंग जात होती. बाबांच्या हातातला फोन मात्र मख्ख. वर रेंजच्या दांड्या सगळ्या भरलेल्या.

सूनबाई डबा भरता भरता थांबली. तिनं स्वतःच्या फोनवरून लावला. वाजला. बाईंनी लावला. गप्प. पुन्हा तिनं. वाजला. आणि मग तिच्या लक्षात आलं. लिफ्ट रिकामी चालवून पास करायची नसते, आत वजनं ठेवून खालीवर न्यायची, हे ती नव्या पोरांना कंठशोष करून सांगायची. आणि इथे? फोन करून बघितले ते कुणी? नणंदेनं, नवऱ्यानं, तिनं. सगळी घरचीच माणसं, सगळी यादीतली. बाहेरच्या माणसाचा, खुद्द नेत्रपेढीचा फोन वाजतो का, हे एकदाही बघितलं नव्हतं तिनं.

कवचानं गप्प केलेले फोन बघायला गेलं तर ढीगच होता. त्यातला एक नंबर मागच्या आठवड्यात एकाच सकाळी पुन्हा पुन्हा आलेला. तिनं तो लावला.

"नेत्रपेढी, बोला," पलीकडून आवाज आला.

कागदावरचा नंबर होता तो नुसत्या चौकशीच्या खिडकीचा. बोलावण्याचे फोन ड्यूटीवरच्या बाई आपल्या वेगळ्या फोनवरून करायच्या. "आम्ही खूप प्रयत्न केला हो," त्या म्हणाल्या. "शेवटी दुसऱ्यांना द्यावं लागलं. पण यांचं नाव आहे अजून, काळजी करू नका."

ग्रंथालयातल्या बाई समजून निघून गेल्या. सूनबाईनं बाबांना सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, सावरूनही घेतलं नाही.

बाबांचा आवाज चढला. तो कधी चढायचा नाही. "तुला कुणी सांगितलं होतं गं माझा फोन मुका करायला?"

"कुणी नाही. तुम्ही उठून धावायचात आणि मग तसेच खाली बसायचात, ते मला बघवत नव्हतं. चुकले मी, बाबा." आणि ती रडायलाच लागली.

बाबांनी उशीवरची एक सुई उपसली आणि शिवायला घेतलं. एरवी बोटांनी बरोबर भोक शोधणारा माणूस, त्या दिवशी टाका भलतीकडेच घालत होता. उसवत होता, पुन्हा घालत होता. तिनं कवच काढून टाकलं, कामावर रजा कळवली आणि उंबऱ्यात बसून राहिली. डबा तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "एक विचारशील का नेत्रपेढीतल्या त्या बाईंना?"

"काय?"

"ज्याला मिळालं, त्याच्याकडे कुठलं नेटवर्क आहे?"

तिला आधी वाटलं, टोमणा आहे. पण बाबांची मान तिच्या बाजूला वळली होती आणि कपाळाला आठी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिलाही राहवेना. तिनं फोन लावला आणि बाबांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

नेत्रपेढीतल्या बाई हसल्या. "नाव नाही सांगता येणार मला. पण त्या आजींकडे फोनच नाही हो! नंबर मात्र रांगेनं दिलेत. इस्त्रीवाल्याचा, शाळेतल्या शिपाईणबाईंचा, पेपर विकणाऱ्या मावशींचा. कुणी ना कुणी उचलतंच. त्या दिवशी इस्त्रीवाला त्यांना घेऊन आला."

"फोनच नाही," बाबा स्वतःशीच म्हणाले. "आणि आपण इथे बाथरूमपर्यंत तीन-तीन कार्डं नाचवली."

मग ते उठले. भिंतीला हात लावत बाहेर आले आणि बोळ ओलांडून समोरच्या दारात गेले. तिथे शिंप्याचं दुकान होतं. इतकी वर्षं समोरासमोर काढली, पण दोघांत मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं काही, पण बाबांना कुणाचं मिंधं व्हायचं नसायचं. सूनबाई दारातून बघत राहिली. मशीन थांबलं. बाबा चाचरत म्हणाले, "एक काम होतं. म्हणजे तसं विशेष नाही. तुमचा नंबर मी एके ठिकाणी दिला तर चालेल का? माझ्यासाठी फोन येईल. कदाचित भलत्याच वेळी येईल."

शिंपी बघतच राहिला. "अहो, एवढंच? मला वाटलं, मशीनचा आवाज फार होतो म्हणून सांगायला आलात. द्या की! आणि माझ्या बायकोचाही द्या. ती माझ्याआधी उचलते."

त्या दिवशी नेत्रपेढीत शिंप्याचा नंबर गेला, त्याच्या बायकोचा गेला, आणि बाबांनीच आठवण करून दिल्यावर ग्रंथालयातल्या बाईंचाही गेला. प्रत्येकाला विचारताना बाबा अवघडायचे, पण विचारायचे.

पुढे ऋतू बदलला. एके दिवशी सूनबाई एका उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यातून ग्रीसनं माखलेले हात घेऊन वर आली. बाहेर लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते. सकाळपासून धाकट्याचं नेटवर्क अख्ख्या भागात झोपलं होतं. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये थोरलंच ठेवलेलं होतं. रेंजमध्ये आल्या आल्या तो थरथरायला लागला. शिंप्याचे निरोपांवर निरोप. पहिल्यात लिहिलं होतं, "फोन आला. दुकान बंद करून यांना घेऊन निघालोय." पुढचे तिनं वाचलेच नाहीत.

ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा बाबांना आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर शिंपी बसला होता. गळ्यात मापाची टेप तशीच, शर्टाला दोरे चिकटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मांडीवर बाबांचा चष्मा, घड्याळ आणि फोन, तिन्ही नीट रुमालात ठेवलेले.

"काका, तुम्ही सकाळपासून इथेच? दुकान बंद ठेवून?" ती म्हणाली. "मी आलेय आता, तुम्ही निघालात तरी चालेल."

"छे, छे," शिंपी म्हणाला. "आत नेताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. म्हणाले, तुम्ही जाऊ नका हं. ते बाहेर आले की जाईन."

आणि त्यानं सरकून तिच्यासाठी बाकावर जागा केली.