पाच नंबरचा प्लॉट

औशाकडे रान म्हणजे शेत. जंगल बघायचं तर मोबाइल उघडावा लागतो. अशा गावची पुनम विद्यापीठात वनव्यवस्थापन शिकायला निघाली तेव्हा भावकीने तिची भरपूर थट्टा केली. ‘आधी पोरीला झाडं तरी दाखवा,’ म्हणाले. पण पोरगी वस्ताद. परीक्षेत पहिली आली आणि पीएच.डी.साठी थेट किनवट तालुक्यातलं, इस्लापूरजवळचं जंगल धरलं.

तिथे तिने दहा प्लॉट आखले होते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. पावसाळा सरला की प्रत्येकात झाडांची लहान रोपं किती, ते मोजायचं. सलग दोन वर्षं कुठल्याच प्लॉटात दहा-अकराच्या वर रोपं भरली नाहीत. म्हणजे म्हातारी झाडं पडली की त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नाही. म्हणून गुरांना आणि मोहफुलं वेचणाऱ्यांना पाच वर्षं जंगल बंद करावं, असं तिने प्रबंधात लिहून टाकलं होतं. तिचे मार्गदर्शक रामलिंग सर खूश होते. तिसरी मोजणी झाली की काम संपलं.

टेप धरायला तिने गावातल्या गुणाबाईला रोजाने लावलं होतं. बाई साठीची, सगळा जन्म लोकांच्या वावरात खुरपण्यात गेलेला. मधेच पुनमला दोन दिवस नांदेडला जावं लागलं. “मावशी, तुम्ही नुसतं लक्ष ठेवा,” असं सांगून ती गेली. आता रोज घ्यायचा आणि नुसतं बसून राहायचं, हे गुणाबाईला कुठलं जमायला!

पुनम परतली आणि पाच नंबरच्या प्लॉटापाशी थबकली. जिथे गुडघाभर गवत होतं तिथे भुई दिसत होती. कडेला उपटलेल्या तणाचा ढीग, आणि ढिगाशेजारी शाबासकीची वाट बघत बसलेली गुणाबाई.

“मावशी, हे काय केलंत?”

“खुरपलं. तुमाला मोजाया सोपं जावं म्हून. लई माजलं होतं, म्याडम.”

“इथे हात लावायचा नसतो हो! दोन वर्षांची मेहनत माझी. सगळं उपटून टाकलंत!”

गुणाबाईचा चेहरा पडला. मग तिला रागच आला. “सगळं कामून उपटीन? चाळीस वरसं खुरपून राहिले. काय ठिवायचं अन काय काढायचं, मला कळत न्हाई व्हय? खाली बघा की जरा.”

पुनमने खाली बघितलं. साग, ऐन, मोह, टेंभुर्णी. वीत-दीड वीत उंचीची रोपं, एकाच्याही पानाला खुरपं लागलेलं नव्हतं. तिने मोजली. सदतीस भरली. पुन्हा मोजली, तरी सदतीसच.

“यंदाच उगवली असतील,” ती पुटपुटली.

गुणाबाईने एका रोपाच्या बुडाची माती बोटाने सारली. वर वीतभर शेंडा आणि खाली अंगठ्याएवढा जाड बुडखा. “ह्यो चार-पाच वरसाचा हाय. ढोरं दरसाल शेंडा खात्यात, ह्यो दरसाल फुटतोय. मूळ लई खोल गेलंय. एखाद्या साली ढोरं चुकली की बघा कसा वर निघतोय.”

हे सगळं पुनमने पुस्तकात वाचलं होतं, पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्कही घेतले होते. आणि दोन वर्षं ती हातात वही घेऊन, गवताच्या वर दिसेल तेवढंच मोजत, याच रोपांवरून चालत गेली होती. तिला लाज वाटली. पण त्याहून जास्त त्या बाईचं कौतुक वाटलं, आणि त्या चिवट बुडख्यांचंही.

सुटायला वाट होती. पाच नंबरचा प्लॉट खराब झाला, एवढं एक वाक्य लिहायचं आणि उरलेले नऊ जुन्या पद्धतीने मोजायचे. कोणाला काही कळलं नसतं. पुनम रेंज असलेल्या टेकाडावर गेली आणि तिने सरांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

“म्हणजे दोन्ही वर्षांचे आकडे गेले,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“जंगल बंद करायचा निष्कर्षही गेला. तुझं एक वर्ष वाढेल, पुनम.”

“वाढू द्या, सर. नऊ प्लॉट गवत हाताने सारून नीट मोजते.”

“मोज,” सर म्हणाले. “आणि त्या बाईंना सोडू नकोस.”

मागे उभ्या गुणाबाईने स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. “माझ्यापायी तुमचं साल गेलं,” ती म्हणाली. “गप बसला असता तर कुणाला कळत होतं? सांगितलं कामून?”

“रोपं आहेत ना, मावशी. असलेली रोपं नाहीत असं कसं लिहू?”

गुणाबाईने पदर खोचला.

“मग चल पोरी, सहा नंबरात. तिथं तर ह्याच्या दुप्पट हायत.”