खकाणा

सुमनबाईंनी फोडणीच्या चुरमुऱ्यांचा, म्हणजे सुशीलाचा चमचा तोंडाशी नेला आणि त्या शिंकल्या. चुरमुरे सतरंजीभर उडाले. एक जाऊन गुरुपादप्पांच्या चष्म्याला चिकटला. पाहुण्यांसमोर तो काढावा की राहू द्यावा हे न ठरल्यामुळे ते तसेच हसत बसले.

"मार्केटचा खकाणा हाय," ते म्हणाले. "मिरचीचा सीझन ना. आज वारंच उलटं फिरलं बघा."

उन्हाळ्याच्या तोंडाला धर्माबादेत वारं रोजच उलटं फिरायचं. मार्केट यार्डात मिरचीचे लाल ढीग पडायचे, दुपारी वावटळ उठायची, आणि धूळ अन् मिरची मिळून जे काही तयार व्हायचं ते सगळ्यात आधी मागच्या गल्लीत शिरायचं. त्या गल्लीतली माणसं शिंकत भाव करायची आणि शिंकत भांडायची. गुरुपादप्पांचं घर तिथंच होतं. त्यांच्या मुलीला, वर्षाराणीला, बघायला आलेली आधीची स्थळं या घरातून नाक दाबून परत गेली होती.

आजचा मुलगा आनंदराज. निलंग्यात त्याचं औषधाचं दुकान होतं. डोळे पुसत तो मोबाइलकडे बघत होता.

"ह्याच्यात तर हवा मध्यम दाखवून राहिलंय."

"त्याला नाक हाय का?" सुमनबाई म्हणाल्या. "अन् तू रे! दुकानात मास्कचे डबेच्या डबे पडलेत. आईसाठी एक आणला न्हाईस."

आनंदराज उत्तर द्यायला गेला आणि त्यालाच शिंक आली.

आणखी पाणी आणायच्या निमित्ताने गुरुपादप्पा उठले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकले. मार्केटकडचं मागचं दार सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावून ठेवला होता. शेजारी वर्षाराणी नाकातोंडावर ओला पंचा बांधून चहा गाळत होती.

"दार कुणी उघडलं?"

"मी."

"अन् त्या उमरीच्या पाहुण्यांच्या वक्ताला?"

ती चहा गाळत राहिली. गुरुपादप्पांनी स्टूल ओढलं आणि बसले. आजवर ते खामखा वाऱ्याला शिव्या देत होते. देवाला नारळही बोलून झाला होता.

"उमरीचा आठवते का, अप्पा?" ती हळू म्हणाली. "किती गोड बोलत व्हता. खकाणा आला तसा आईला ढकलून आधी गाडीत जाऊन बसला. वर काचा लावून घेतल्या. ती म्हातारी बाहेर खोकत उभी."

"म्हणून समद्यायलाच मिरची हुंगायला लावणार का तू?"

"इस्त्री करून आणलेला माणूस मला कसा कळावा?"

बाहेर तांब्या वाजला. दोघांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आनंदराजने आपला रुमाल पाण्यात बुडवला होता आणि नीट पिळून तो आईच्या तोंडावर धरत होता. त्याचं स्वतःचं नाक नव्या शर्टावर गळत होतं.

"हळू श्वास घे. डोळे चोळू नको."

"अन् तू?"

"माझं राहू दे. तसाबी मी लई देखणा न्हाई. आज तरी त्यांना वाटंल, मिरचीनं असा झाला."

सुमनबाई रुमालात हसल्या आणि हसण्यामुळे पुन्हा शिंकल्या.

वर्षाराणीने पायाने वरवंटा सरकवला. दार लागलं. तिने कडी घातली. गुरुपादप्पांनी चष्म्यावरचा चुरमुरा काढून ओट्यावर ठेवला.

ती चहा घेऊन बाहेर आली. सुमनबाईंच्या तोंडावर रुमाल, तिच्या तोंडावर पंचा, गुरुपादप्पांच्या नाकाला धोतराचा सोगा. मुलगी बघायचा कार्यक्रम रीतसर चालू होता आणि कुणालाच कुणाचं तोंड दिसत नव्हतं. एकट्या आनंदराजचा चेहरा उघडा होता, पण तो बघण्यासारखा उरला नव्हता. सुमनबाईंनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. घरातली हवा अजून निवळायची होती. निम्मी उत्तरं शिंकांत गेली.

मग वर्षाराणीने पंचा सोडला आणि आनंदराजपुढे धरला. "घ्या. ओला हाय अजून."

त्याने तो घेतला. तिच्याकडे बघायचं होतं, पण डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. त्याने पंचा तोंडावर बांधला.

सुमनबाई पदर सावरत उठल्या. "पोरगी चांगली हाय हो. पण आमचे डोळेच उघडंनात. आता पावसाळ्यात बघू, हवा साफ झाल्यावर."

गुरुपादप्पांनी मान हलवली. असं 'बघू' म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्यांना आता पाठ झालं होतं. त्यांनी पाहुण्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"पावसाळ्यापर्यंत कशाला?" वर्षाराणी म्हणाली. "येत्या अमावास्येला या. त्या दिवशी मार्केट बंद असते."

सुमनबाईंच्या हातातला रुमाल खाली आला.

"अमावास्येला? पोरगी बघाया?"

आनंदराजने तोंडावरचा पंचा थोडा खाली ओढला.

"किती वाजता यायचं?"