मशीनवालीला फोन लाव

बाल्कनीच्या दाराची आतली खिट्टी धाडकन पडली आणि मास्तरीणबाई बाहेर कपड्यांच्या दोरीपाशी अडकल्या. आत गॅसवर बटाटे, भांड्यात पाणी बोटभर. फोन खिडकीलगतच्या टेबलावर, पण गजांतून हात पोचेना. मागच्या बाजूला नुसत्या गच्च्या. ओरडून उपयोग नव्हता. घराची जास्तीची किल्ली होती समोरच्या दारी, मशीनवालीकडे.

"मशीनवालीला फोन लाव!" त्या गजांतून ओरडल्या.

"या नावाचा संपर्क सापडला नाही," फोन गोड आवाजात म्हणाला. "वॉशिंग मशीन दुरुस्तीची दुकानं दाखवू का?"

"दुकानं घाल चुलीत! समोरची! कपडे शिवते ती!"

मागच्या रविवारी मुलाने फोनमधली सगळी टोपणनावं काढून खरी नावं घातली होती. म्हणे, यंत्राला सोपं जातं. स्वतःला तेवढं त्याने 'मुलगा' ठेवलं होतं.

"तुमच्याच मजल्यावरचा एक संपर्क आहे," फोन म्हणाला आणि त्याने एक लांबलचक नाव-आडनाव घेतलं. "फोन लावू का?"

"ही कोण बया? नको! मला आमची मशीनवाली हवी!"

करपल्याचा वास आला. बाईंनी कपाळावर हात मारला. "मुलाला लाव बाबा!"

तो मात्र लगेच लागला. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं, फोनने घेतलेल्या त्या लांबलचक नावासकट.

"अगं आई, तेच तर तिचं नाव!"

"असं कुठे नाव असतं तिचं?"

"आई! बटाटे जळतायत ना? थांब, मीच लावतो तिला."

मशीनवाली धावत आली, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. गॅस बंद केला, दार उघडलं.

"तीस वर्षं माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतेस, आणि माझं नाव माहीत नाही?"

"कधी लागलंच नाही गं." बाई ओशाळल्या. "दार वाजवलं की तू यायचीस. मुलं लहान होती तेव्हाही, हे आजारी पडले तेव्हाही."

"मग आता घे बघू एकदा."

बाईंनी घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं पूर्ण नाव घेतलं.

मशीनवालीने अंगावर पाल पडल्यासारखे खांदे उडवले. "नको बाई. तुझ्या तोंडून ऐकलं की वाटतं, आपलं भांडण झालंय. त्या फोनला सांग, मशीनवाली म्हणजे मी."

"सांगितलं गं! ऐकतोय कुठे मेला!"